एकशे सतरा नंबरची थाळी

मी थाळी बोलतेय. स्टीलची, पाच कप्प्यांची, काठावर एकशे सतरा हा आकडा ठोकलेली. भिलईतल्या कोहका वस्तीत सिंधुताई रामटेके यांच्या स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या मांडणीत मी उभी असते. माझ्या बाकीच्या एकशे नव्व्याण्णव बहिणी मागच्या खोलीत पोत्यांत बांधून पडल्या आहेत. त्यांना बोलता येत नाही, कारण त्यांच्यावर सुतळीची गाठ आहे. म्हणून मी बोलते.

भिलईची थाळी म्हटलं की लोकांना वाटतं, इथल्याच कारखान्यातली असेल. तसं नाही. इथं रेल्वेचे रूळ होतात, जाड पत्रे होतात. माझ्यासारख्या पातळ अंगाच्या थाळ्या दूर कुठेतरी होतात. पत्र्याचा एक गोल तुकडा, वरून यंत्राचा एक दणका, की झाले पाच कप्पे. एवढंच माझं बालपण. खरं आयुष्य सुरू झालं दुर्गच्या भांडीबाजारात, दोन बायका दुकानात शिरल्या त्या दिवशी. एक सिंधुताई. दुसरी त्यांची शेजारीण, रुक्मा.

त्या दोघी दुकानात कशासाठी आल्या, ते मला पुढे कळलं. स्वयंपाकघरात राहणाऱ्याला सगळंच कळतं.

सिंधुताईंचं माहेर भंडाऱ्याकडचं. लग्न होऊन त्या भिलईला आल्या. नवरा देवीदास रेल मिलमध्ये होता. रुक्मा गोंदियाकडच्या शेतकरी घरातली. तिचा नवरा भय्याजी जामुलला सिमेंटच्या कारखान्यात जातो. दोन्ही घरांची मधली भिंत एकच आणि मागच्या दारी नालाही एकच. वीस वर्षं त्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या इकडून तिकडे गेल्या. रुक्माला दोन मुली. मोठी करिष्मा, धाकटी टीना.

गल्लीत वाढदिवस असो, हळद असो, जयंती असो, भंडारा असो, जेवण झालं की डिस्पोजलच्या, म्हणजे एकदा वापरून फेकायच्या, थाळ्या आणि ग्लास पोत्यात भरायचे आणि मागच्या नाल्यात ओतायचे. घंटागाडी रोज येते, पण एवढी पोती तिच्यात मावत नाहीत आणि नाला तर दारातच. देवीदास रिटायर झाले तेव्हा तीनशे माणूस जेवलं. ती तीनशे माणसांची पोती सिंधुताईंनी स्वतःच्या हातानं नाल्यात रिकामी केली. मग पावसाळा आला, नाला तुंबला, पाणी चढलं, आणि त्याच नाल्यातून जाणारा नळाचा पाइप कुठेतरी फुटला. गल्लीत एकोणीस घरांत कावीळ झाली. अठरा घरांतली माणसं उठली. टीना उठली नाही. सहावीत होती.

तेराव्यानंतर सिंधुताई रुक्माकडे गेल्या आणि म्हणाल्या, "रुक्मा, त्या नाल्यात माह्या हातानं टाकलेल्या थाळ्या होत्या."

रुक्मानं त्यांना हाताला धरून जवळ बसवलं. मग म्हणाली, "माह्या घरच्या बी होत्या न, ताई. टीनाच्याच वाढदिवसाच्या."

त्यानंतर सिंधुताईंनी आपलं घर बदलायला घेतलं. दूध पिशवीतून आणणं बंद. सकाळी डोलची घेऊन गवळ्याकडे जायचं. शाम्पूच्या पुड्या गेल्या, शिकेकाई आली. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या झाल्या. भाजीच्या सालींसाठी अंगणात फुटका माठ आला. दाराच्या मागे एक खिळा ठोकला आणि त्यावर एक पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, टांगली. घरातलं जे काही फेकण्याशिवाय इलाज नाही, ते त्या पन्नीत. महिनाभर ती भरता कामा नये, असा त्यांचा नियम.

देवीदासांचा जीव मेटाकुटीला आला. त्यांना खर्ऱ्याचं, तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं व्यसन, आणि खर्रा मिळतो पन्नीच्या तुकड्यात घोटलेला. दिवसाला चार पन्न्या. सिंधुताईंनी त्यांच्या हातात स्टीलची डबी दिली. "यात घेऊन या. नाही तं सोडून द्या."

"अवं, ठेल्यावाला हसते मले."

"हसू द्या. मरत तं नाही न हसल्यानं कोणी."

देवीदास डबी घेऊन जायला लागले. ठेलेवाला चार दिवस हसला, मग त्यालाही सवय झाली.

पण एका घरानं कमी करून नाला रिकामा होत नाही, हे सिंधुताईंना लवकर कळलं. म्हणून गल्लीतल्या बायकांचा गट जमवून त्यांनी आम्हाला आणायचं ठरवलं. दोनशे थाळ्या. ज्याच्या घरी कार्यक्रम असेल त्यानं न्यायच्या, घासून परत आणायच्या. दुकानात रुक्मानं मला उचललं, बोटाच्या पेरानं वाजवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "हे घेऊ, ताई. हे पिढ्यान् पिढ्या चालते." टीना गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली, असं सिंधुताई पुढे कितीदा तरी सांगत.

पहिलं वर्ष आम्ही खूप फिरलो. जयंतीच्या जेवणाला आम्ही दोनशेच्या दोनशे बाहेर होतो. तीन पंगती उठल्या. नाल्यात एक द्रोणही गेला नाही. सिंधुताई मागच्या दारात उभ्या राहून वाहतं पाणी पाहत होत्या आणि रुक्मा त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

आता एक गोष्ट सांगते, जी मला सिंधुताईंच्या आधी कळली. भुकेला माणूस थाळीकडे पाहत नाही, अन्नाकडे पाहतो. पण काही माणसं आधी माझ्या काठाकडे पाहायची. आकड्यावर बोट फिरवून विचारायची, "ह्या कोणाच्या होत?" उत्तर मिळालं की कुणाला एकदम उपास आठवायचा, कुणाचं पोट बिघडलेलं असायचं. काही घरांतून आमचं पोतं गाठ न सोडताच परत यायचं. "पाहुणेच कमी आले, ताई," असं म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी नाल्यात डिस्पोजल तरंगताना दिसायचं.

सिंधुताईंना वाटलं, लोकांना घासायचा कंटाळा येतो. मग त्या म्हणायला लागल्या, "तुम्ही फक्त घेऊन जा. घासाचं मी पाहीन." दोनशे थाळ्या एकट्या घासायच्या. राखेनं त्यांच्या बोटांना चिरा पडल्या, त्यावर हळद लावून त्या पुन्हा घासायला बसायच्या. मला सांगावंसं वाटायचं की बाई, हा घासण्याचा प्रश्नच नाही. पण मी थाळी. माझं ऐकणार कोण?

मग करिष्माचं लग्न ठरलं. मुलगा बोरसीचा, रोशन. रुक्माच्याच समाजातलं चांगलं घर. सिंधुताईंनी आठ दिवस आधीपासून आम्हाला उन्हात मांडून लखलखीत केलं. लग्नाच्या दोन दिवस आधी दुपारी रुक्मा आली आणि दारातच उभी राहिली.

"ताई, थाळ्या नको काढू."

"कावून? चारशे माणूस आहे. दोन पंगती केल्या का झालं."

"तसं नाही. बोरसीवाल्यायनं इचारलं, थाळ्या कोणाच्या घरी राहतात म्हणून. मी सांगितलं, तुह्या." रुक्माची मान खाली होती. "ते म्हणाले, डिस्पोजल आमीच घेऊन येतो."

"दोन पाण्यानं घासून देईन म्हणा न त्याइले. गरम पाण्यानं..." सिंधुताई बोलत होत्या आणि त्यांचं वाक्य मध्येच थांबलं. वर्षभर जे समजलं नव्हतं, ते त्या एका क्षणात समजलं. उपास समजले. बिघडलेली पोटं समजली. गाठ न सुटता परत आलेली पोती समजली.

"तुले माहीत होतं, रुक्मा?"

रुक्मा रडायला लागली. "माह्या घरी तं कदी नाही न मानलं, ताई. पण एक पोट्टी गेली माही. दुसरी तरी सुखानं नांदू दे."

"आन् त्या थाळ्या? त्याच नाल्यात टाकशीन?"

रुक्मा पदर तोंडाला लावून निघून गेली.

देवीदास म्हणाले, लग्नाला जायचं नाही. सिंधुताई म्हणाल्या, करिष्माला कडेवर घेतलंय, मी जाणार. जाताना त्यांनी कापडी पिशवीत मला घातलं. मांडवात त्या रांगेत उभ्या राहिल्या, मला पुढे धरलं. वाढणाऱ्यानं माझ्यात एक वडा टाकला, पुरी उचलली आणि थांबला. रोशनचे मोठे काका धोंडबा जवळ उभे होते. ते आवाज न चढवता म्हणाले, "बाई, सगळ्यायचं एकसारखं राहू द्या न. पाहुणे पाहून राहिले."

रुक्मा धावत आली. "आज नको, ताई. पाया पडते तुह्या." तिनं माझा काठ धरला, सिंधुताईंनी सोडला नाही, आणि त्या ओढाताणीत वडा खाली पडला. मग सिंधुताईंनी हात सोडला. रुक्मानं मला टेबलाच्या चादरीखाली पालथं घातलं.

त्या अंधारात मी पायांचे आवाज ऐकत होते. थोड्या वेळानं चादर वर झाली आणि सिंधुताईंनी मला पिशवीत घेतलं. करिष्माच्या डोक्यावर अक्षता टाकून, न जेवता त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाला पांढरा झाला होता. पाणी दिसतच नव्हतं. सिंधुताई बांबू घेऊन उतरल्या. देवीदास त्यांच्या मागे उतरले, दुखरे गुडघे घेऊन. दुपारपर्यंत दोघांनी चिखलातून बावीस पोती काढली. रुक्मा मागच्या दारात आली, पाहिलं आणि तिनं दार लावून घेतलं. मी मांडणीतून ते दार पाहत होते. ते पुन्हा उघडलं नाही.

पुढचे कित्येक दिवस सिंधुताई विचार करत होत्या. मग एकदा त्या म्हणाल्या, "मी थाळ्या वाटून टाकते. एकेका घरी दहा-दहा. माह्या घरात राहिल्या नाही तं त्याइले काही अडचण नाही न."

देवीदासांनी खर्ऱ्याची डबी जमिनीवर आपटली. "म्हणजे तू त्याइचा इटाळ मान्य केला! आपल्या बापजाद्यायनं याच्यासाठी सोसलं?"

"मले समजत नाही का? मले नाही लागलं का ते?" सिंधुताई ओरडल्या. असा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पण पाणी तं येईनच न पुन्हा! कोणाची पोट्टी जाईन मंग? तवा काय मी म्हणू, का माहा मान राहिला?"

देवीदासांनी जमिनीवरची डबी उचलून खिशात टाकली. त्या प्रश्नाचं उत्तर मला आजपर्यंत सुचलेलं नाही.

सिंधुताई पोतं डोक्यावर घेऊन निघाल्या. त्या पोत्यात सगळ्यात तळाशी मी होते. पहिल्या दोन घरांनी घेतल्या. तिसरं घर सीमाचं. तिनं दहा थाळ्या मोजून घेतल्या आणि अगदी सहज, हसत म्हणाली, "काही हरकत नाही, मावशी. मी एक एक थाळी गॅसवर तापवून घेईन, म्हणजे झालं."

सिंधुताईंनी एक एक करून दहाही थाळ्या परत पोत्यात भरल्या. आधीच्या दोन घरी जाऊन तिथल्याही मागून घेतल्या. घरी येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं खरं होतं."

देवीदास त्यांच्याजवळ बसले. दोघंही संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

त्या दिवसापासून सिंधुताईंचं काहीतरी बिनसलं. जगाचं कमी करता येत नाही तर आपलंच आणखी कमी करायचं, असं त्यांनी घेतलं. चहा सोडला. पंखा सोडला. एक वेळचं जेवण सोडलं. नवं लुगडं नको, औषधाची गोळी नको, कारण तिच्यावर पन्नी असते. खिळ्यावरची पिशवी सहा महिने रिकामी होती. रात्रीच्या जेवणाला माझ्या पाचांतले चार कप्पे कोरडे असायचे.

"सिंधू," देवीदास एकदा म्हणाले, "कचरा कमी करता करता तू सोताच कमी होऊन राहिली."

त्या म्हणाल्या, "मी काहीच नाही वापरलं, तं माह्यामुळं कोणी मरणार तं नाही."

अशा दिवसांत करिष्मा माहेरी आली. सातवा महिना होता. ती आईला घेऊन सरळ आमच्या दारात उभी राहिली. "काकू, माह्या ओटीभरणाले तुमच्या थाळ्या पाहिजे."

"नको, बेटा. तुह्या सासरचे येतील. उठून जातील ते."

"तो जाने दो न. टीना गेली, तवा आले होते का कोणी? लग्नाच्या दिवशी मी पाटावर बसून सगळं पाहत होती, काकू. तेव्हा नाही बोलली. अब बोलूँगी."

"नको. मी हात जोडते."

मग रुक्मा पुढे झाली. मागच्या खोलीत गेली, एक पोतं उचलून डोक्यावर घेतलं आणि बाहेर पडली. सिंधुताईंनी तिला अडवलं नाही. हे आपण चुकलो, असं त्या आता रोज म्हणतात.

ओटीभरणाच्या दिवशी पंगत बसली. बोरसीहून अकरा जण आले होते. मी रोशनच्या पुढे आले. भात, वरण, पुरी, भाजी, बुंदी, माझे पाचही कप्पे भरले होते. रोशननं पुरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. तेवढ्यात धोंडबांनी आपल्या थाळीचा काठ पाहिला.

"ह्या त्याच थाळ्या होत का?"

"हो, काकाजी," करिष्मा म्हणाली. "मीच मागवल्या."

धोंडबा उठले. मग एक एक करून सगळे उठले. सगळ्यांत शेवटी रोशन. त्यानं दुसरा घास मोडून हातात घेतला होता. करिष्माकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं, घास माझ्यात परत ठेवला, आणि हात धुवून निघून गेला.

मग रुक्मा येऊन माझ्यासमोर बसली. जावयानं ठेवलेला घास तिनं उचलला आणि तोंडात घातला. "अन्न टाकाचं नाही," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती चावत होती. सिंधुताई तिच्या शेजारच्या थाळीवर बसल्या. देवीदास बसले, भय्याजी बसले. अकराच्या अकरा थाळ्या घरच्यांनी वाटून संपवल्या. त्या दिवशी नाल्यात काहीही गेलं नाही.

करिष्माला मुलगी झाली, त्याला आता दोन महिने झाले. बोरसीला निरोप गेला. कुणी आलं नाही. करिष्मा फोन लावते, तो वाजतो आणि मग बंद होतो. रुक्मा कधी म्हणते, "झालं ते बरं झालं," आणि कधी दिवसभर कुणाशी बोलत नाही. सिंधुताईंनी आम्हाला पुन्हा पोत्यांत बांधलं आहे. परवा त्या कबाडीवाल्याला विचारत होत्या, स्टील घेतो का म्हणून. मला एकटीला त्यांनी बाहेर ठेवलं आहे, त्यांच्या एका वेळच्या जेवणापुरतं. आणि गल्लीत काल एक वाढदिवस झाला. मागचं पाणी पुन्हा दिसेनासं व्हायला लागलं आहे.

मला कबाडाची भीती नाही. वितळले तर आणखी कशाची तरी होईन. माझं मागणं एकच आहे, आणि ते बोरसीतल्या एका माणसाकडे आहे.

रोशन, तू ये. माझ्यात जेवू नकोस हवं तर. पानावर जेव, ओंजळीत घे, न जेवता जा. पण ये. तुझी मुलगी दिवसभर इथे, सिंधुताईंच्या स्वयंपाकघरात असते आणि मांडणीकडे पाहत राहते, भांडी चमकतात म्हणून. तिचं बारसं अजून झालेलं नाही. कानात नाव आत्यानंच सांगायचं, म्हणून करिष्मा तुझ्या बहिणीची, उन्नतीची वाट पाहते आहे. तोवर घरात तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात.